व्हेसुव्हियसच्या पायथ्याशी पाच दिवस

पहिला दिवस : नेपल्स

धाराशिव जिल्ह्यातील तेर हे माझे आजोळ. संत गोरोबाकाकांचे गाव म्हणून आपण त्याला ओळखतो. परंतु दोन हजार वर्षांपूर्वी ‘तगर’ या नावाने ते ग्रीक-रोमन व्यापाऱ्यांना माहीत होते, हे मला पुष्कळ उशिरा, इतिहासाची शिक्षिका झाल्यावर कळले. तेरच्या वस्तुसंग्रहालयात हस्तिदंताची एक लहानशी स्त्रीमूर्ती आहे. तिच्याशी साम्य असलेली दुसरी मूर्ती इटलीत, ज्वालामुखीने गाडलेल्या पॉम्पेई शहरात सापडली, असे वर्गात सांगताना दर वर्षी मनात येई की ती मूर्ती आणि ते शहर आपण एकदा प्रत्यक्ष पाहावे. निवृत्तीनंतर तिसऱ्या वर्षी, ऑक्टोबरच्या अखेरीस, तो योग आला. मुलगी नोकरीनिमित्त जर्मनीत असते. तिने सुट्टी काढली आणि आम्ही दोघी शनिवारी दुपारी नेपल्सला उतरलो.

उजेड होता तोवर समुद्रकिनाऱ्यावर गेलो. उपसागराच्या पलीकडे व्हेसुव्हियस उभा होता, शांत आणि निळसर. दख्खनच्या पठारावर वाढलेल्या माणसाच्या पायाखाली जन्मभर ज्वालामुखीचाच खडक असतो, कारण आपले काळे पाषाण म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे थर आहेत. तो लाव्हा मात्र जमिनीच्या भेगांतून वाहत आला आणि थरावर थर पसरत गेला. व्हेसुव्हियसची जात निराळी आहे. इ.स. ७९ मध्ये त्याच्या पोटातला शिलारस वायूंनी इतका भरलेला होता, की तो वाहून न येता स्फोटाने फुटला आणि राख-दगडांचा स्तंभ तीस किलोमीटरहून अधिक उंच गेला.

त्या वेळी उपसागराच्या दुसऱ्या टोकाला, मिसेनम येथे, रोमन आरमाराचा तळ होता आणि थोरला प्लिनी त्याचा प्रमुख होता. त्याच्या सतरा वर्षांच्या भाच्याने, धाकट्या प्लिनीने, पुढे इतिहासकार टॅसिटसला लिहिलेल्या दोन पत्रांत हा प्रसंग सांगितला आहे, आणि त्या ढगाला त्याने पाइन वृक्षाची उपमा दिली आहे. सरळ उंच खोड आणि वर छत्रीसारखा पसरलेला माथा असलेले ते वृक्ष आजही या भागात जागोजाग दिसतात. एक पाहिला की पत्रातील ते वाक्य समजावून घ्यावे लागत नाही. थोरला प्लिनी जहाजे घेऊन लोकांच्या मदतीला निघाला आणि स्टॅबिये गावाच्या किनाऱ्यावर मरण पावला. हिंदुस्थान दरवर्षी आपल्या साम्राज्यातून पाच कोटी सेस्टर्स, म्हणजे रोमन नाणी, ओढून नेतो, अशी तक्रार ज्याने आपल्या ग्रंथात नोंदवली, तोच हा प्लिनी. त्याच शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक व्यापारी पुस्तिकेत पैठण आणि तगर येथून माल गाड्यांवर लादून बिकट वाटांनी भडोचला जात असल्याचे लिहिले आहे, आणि तगरचा माल म्हणून त्यात मुख्यत्वे कापडाचा उल्लेख आहे. प्लिनीच्या तक्रारीतला थोडासा पैसा माझ्या आजोळच्या विणकरांपर्यंत पोहोचला असेल, हा विचार घेऊनच मी त्या संध्याकाळी परतले.

दुसरा दिवस : पॉम्पेई, चौक आणि रस्ते

नेपल्सहून व्हेसुव्हियसला वळसा घालत जाणारी लोकल गाडी साधारण चाळीस मिनिटांत पॉम्पेईच्या उत्खननाजवळ सोडते. डाव्या हाताला सबंध वाटभर तो डोंगर सोबत करतो. फाटकातून आत गेल्यावर समुद्र-दरवाजाचा चढ लागतो आणि चढ संपताच काळ्या दगडांचा रस्ता थेट शहराच्या चौकाकडे, म्हणजे फोरमकडे, घेऊन जातो.

शहराचा विस्तार सुमारे ६६ हेक्टर असून त्याचा साधारण दोन-तृतीयांश भाग आजवर उकरला गेला आहे. उत्खनन १७४८ साली सुरू झाले आणि हे शहर पॉम्पेईच आहे, हे १७६३ साली एका शिलालेखामुळे निश्चित झाले. म्हणजे पहिली पंधरा वर्षे लोक नाव न कळलेले शहर खणत होते. चौकाच्या उत्तर टोकाला ज्युपिटरच्या देवळाचे खांब आहेत आणि त्यांच्या बरोबर मागे व्हेसुव्हियस. सगळे प्रवासी तेथे छायाचित्रे काढतात. आम्हीही काढली, परंतु माझे पाय खिळले ते चौकाच्या कडेला असलेल्या एका दगडी फळीपाशी. तिच्यात निरनिराळ्या आकारांचे गोल खळगे कोरलेले असून प्रत्येकाच्या तळाशी भोक आहे. ही बाजारातली अधिकृत मापे होत. धान्य खळग्यात ओतायचे, काठोकाठ भरले की खालचे भोक उघडून पिशवीत घ्यायचे. मूळ मापे स्थानिक ओस्कन लोकांची होती; रोमन सत्ता पक्की झाल्यावर ती खोदून रोमन प्रमाणाला जुळवून घेतली गेली. शेर आणि पायली जाऊन किलो आल्यावर आमच्या घरातील वडीलधाऱ्यांचा पुढची कित्येक वर्षे हिशोब जुळत नसे, ते मी पाहिले आहे. राज्य बदलल्याचे सामान्य माणसाला कोठे जाणवते, याचे इतके साधे प्रमाण मी दुसरे पाहिलेले नाही.

चौकालगतची बॅसिलिका म्हणजे न्यायदानाची आणि व्यवहाराची इमारत. तिच्या भिंतीवर कोणीतरी कोरून ठेवले होते, की हे भिंती, इतक्या लिहिणाऱ्यांचा कंटाळवाणा मजकूर पेलूनही तू अजून कोसळली नाहीस याचे मला आश्चर्य वाटते. पॉम्पेईच्या भिंतींवर अशी हजारो वाक्ये सापडली आहेत. त्यांतील पुष्कळशी निवडणुकीची असून ती लाल किंवा काळ्या रंगात सुबक अक्षरांत रंगवलेली आहेत. एका ठिकाणी गावातल्या समस्त सोनारांनी कस्पियस पान्सा यास मत देण्याची विनंती केली आहे. नावे आणि पदे बदलली, तर हा मजकूर आपल्याकडच्या नगरपालिकेच्या भिंतीवर सहज खपेल.

आबुंदान्सिया रस्त्यावरून पुढे निघालो. रस्ता दोन्ही बाजूंच्या पदपथांपेक्षा बराच खोल आहे आणि मधूनमधून तीन-चार मोठे दगड आडवे बसवलेले आहेत, जेणेकरून पाणी आणि घाण वाहत असताना पाय न भिजवता पलीकडे जाता यावे. त्या दगडांमधल्या फटींतून गाडीची चाके जात, आणि वर्षानुवर्षे एकाच जागेवरून गेल्यामुळे त्यांनी कठीण लाव्ह्याच्या फरशीत वीतभर रुंदीच्या चाकोऱ्या पाडल्या आहेत. चाकोरी हा शब्द मी आयुष्यभर लाक्षणिक अर्थानेच वापरत आले. तेथे खाली बसून तिच्यात हात घातला, तेव्हा तळ गुळगुळीत आणि गार लागला.

थोड्या अंतरावर सार्वजनिक कारंजे आहे. चौकोनी दगडी हौद, वर कोरलेला स्त्रीचा चेहरा आणि तिच्या तोंडातून पाणी. समृद्धीच्या देवीचा समजल्या गेलेल्या त्या चेहऱ्यावरूनच या रस्त्याला आजचे नाव पडले. हौदाच्या काठावर, तोंडाच्या एका अंगाला, दगड झिजून खोलगट झाला आहे. पाणी पिण्यासाठी वाकणारा प्रत्येक माणूस तेथेच हात टेकवीत असे. मुलीने नकळत तेथे हात ठेवला आणि तो नेमका त्या खळग्यात बसला. आम्ही दोघी थोडा वेळ काही बोललो नाही.

दुपारी बेकरी पाहिली. लाव्ह्याच्या सच्छिद्र दगडाची चार मोठी जाती अंगणात उभी आहेत. खालचा दगड शंकूसारखा आणि वरचा डमरूसारखा, अशी त्यांची रचना असून वरच्या दगडाच्या खाचांत लाकडे अडकवून गाढव किंवा खेचर जुंपले जाई. बाजूलाच विटांची घुमटाकार भट्टी आहे. अशाच एका बेकरीच्या भट्टीत १८६२ साली जळून कोळसा झालेले ८१ पाव सापडले. आजीचे जाते माझ्या चांगल्या लक्षात आहे आणि तिच्या तळहाताला पडलेले घट्टेही. येथे तो भार जनावरांवर होता आणि त्यांना हाकायला गुलाम होते. जात्याची घरघर गोड असते असे म्हणणाऱ्याने बहुधा स्वतः दळलेले नसते.

श्रीमंतांची घरे आम्ही त्या मानाने भरभर पाहिली. सुमारे ३००० चौरस मीटरांवर पसरलेले फॉनचे घर, जेथून अलेक्झांडरच्या युद्धाचे प्रसिद्ध कुट्टिमचित्र (मोझेइक) नेपल्सला हलवले गेले, आणि उंबऱ्यातच साखळीने बांधलेला कुत्रा व ‘कुत्र्यापासून सावध’ अशी अक्षरे असलेले दुसरे घर, ही दोन्ही पाहण्यासारखी आहेत. पण प्रत्येक ठिकाणी रांग होती आणि माझे मन रस्त्यात रेंगाळत होते.

तिसरा दिवस : पॉम्पेई, पूर्वेकडचा भाग

आज सकाळी फाटक उघडताच आत शिरलो आणि सरळ आबुंदान्सिया रस्त्याच्या पूर्वेकडच्या टोकाकडे गेलो, कारण मला पाहायचे घर त्या बाजूला आहे. १९३८ साली अमेदेओ मायुरी या पुरातत्त्ववेत्त्याच्या देखरेखीखाली येथे खणताना ती हस्तिदंती मूर्ती मिळाली आणि त्या घराला ‘भारतीय मूर्तीचे घर’ असे नाव पडले. घर बेताचे आहे. प्रवाशांची गर्दी तिकडे वळत नाही. बाहेरच्या भिंतीपाशी उभी राहून मी आत दिसेल तेवढे पाहिले आणि मनातल्या मनात अंतर मोजले: तेर, पैठण, भडोच, तांबडा समुद्र, नाईल नदी, अलेक्झांड्रिया, तेथून जहाजाने नेपल्सजवळचे पुतेओली बंदर आणि शेवटी हा उंबरा.

त्याच घरांच्या गटात, काही दारे सोडून, वेटूटियस प्लासिडसचे खाण्यापिण्याचे दुकान आहे. रस्त्याला लागून काटकोनात बांधलेला ओटा, त्यावर रंगीत संगमरवराचे तुकडे जडवलेले, आणि ओट्याच्या पोटात पुरलेले रांजण. अशी ऐंशीहून अधिक दुकाने पॉम्पेईत आहेत. येथल्या एका रांजणात नाण्यांची मोठी रास सापडली. बहुधा मालकाने पळून जाताना, परत यायचेच आहे या भरवशावर, गल्ला तेथे लपवला असावा. मागच्या भिंतीवर देव्हारा रंगवलेला आहे. मधोमध कुलपुरुष वेदीवर आहुती देत आहे, दोन्ही बाजूंना गृहदेवता, कडेला व्यापाराचा देव मर्क्युरी आणि मद्याचा देव बॅकस, आणि खाली वेदीकडे सरपटत येणारे दोन साप. हे साप घराचे राखणदार मानले जात. नागपंचमीला भिंतीवर काढलेले नाग पाहत मोठ्या झालेल्या बाईला ते चित्र परके वाटले नाही.

या शहराचा शेवट कसा झाला, ते नीट समजून घेण्यासाठी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्या लागतात. पहिली ही, की इ.स. ६२ मध्ये येथे मोठा भूकंप झाला होता आणि सतरा वर्षांनंतरही दुरुस्त्या चालू होत्या. इसिस देवीचे देऊळ तेव्हा पायापासून पुन्हा बांधले गेले, ते सहा वर्षांच्या एका मुलाच्या नावाने, असे तेथील शिलालेख सांगतो. बाप मुक्त झालेला गुलाम असल्याने त्याला नगरसभेत बसता येत नव्हते; देणगीच्या बदल्यात मुलाला ते स्थान मिळाले. दुसरी गोष्ट ही, की शहर एका क्षणात गाडले गेले नाही. दुपारी स्फोट झाल्यावर वारा आग्नेयेकडे, म्हणजे पॉम्पेईच्या दिशेने, वाहत होता आणि सुमारे अठरा तास वरून प्यूमिसचा पाऊस पडत राहिला. टाचा घासायला आपण जो हलका, भोकाभोकांचा दगड वापरतो, तोच हा. एकेक खडा हलका असतो, परंतु पुरुष-दीड पुरुष उंचीचा थर साचला तेव्हा छपरे खाली आली. त्या वेळात पुष्कळ लोक निघून गेले. जे मागे राहिले त्यांच्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी तापलेल्या राखेचे आणि वायूंचे लोट डोंगरावरून वेगाने येऊन आदळले.

ही घटना २४ ऑगस्टची, असे मी वीस वर्षे शिकवले. परंतु २०१८ मध्ये एका घराच्या भिंतीवर कोळशाने लिहिलेली १७ ऑक्टोबरची नोंद सापडली, आणि कोळसा फार काळ टिकत नसल्यामुळे ती त्याच वर्षीची असावी असे मानले गेले. डाळिंबांसारखी शरदातली फळे व घरांतून सापडलेल्या शेगड्याही ऑगस्टपेक्षा ऑक्टोबरकडेच बोट दाखवतात. माझ्या जुन्या विद्यार्थ्यांपैकी कोणी हे वाचत असेल, तर त्याने वहीतली ती तारीख दुरुस्त करून घ्यावी.

दुपारनंतर ‘पळणाऱ्यांच्या बागे’त गेलो. राखेत अडकलेली शरीरे कुजून गेली, पण त्यांच्या जागी पोकळी राहिली. जुझेप्पे फियोरेल्ली याने १८६३ पासून अशा पोकळ्यांत पातळ प्लास्टर ओतण्याची पद्धत वापरली, त्यामुळे मरणाच्या क्षणीचे आकार आपल्यापुढे आले. या बागेत काचेमागे असे तेरा जण आहेत, मोठी माणसे आणि मुले. एकजण कोपरावर भार देऊन उठू पाहतो आहे. लहान मुलाच्या अंगावरच्या कापडाच्या चुण्याही प्लास्टरमध्ये उतरल्या आहेत. शेजारी काही जण हसत फोटो काढून घेत होते, ते मला खुपले. ही शिल्पे नव्हेत. त्या प्लास्टरच्या आत अस्थी आहेत.

अशा ठशांभोवती आपण किती सहज गोष्टी रचतो, याचाही एक दाखला आहे. सोन्याचे कंकण घातलेली आणि मुलाला जवळ घेतलेली एक व्यक्ती इतकी वर्षे आई म्हणून दाखवली जात होती. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासातून ती व्यक्ती पुरुष असून मुलाशी तिचे रक्ताचे नाते नव्हते, असे निष्पन्न झाले. मला तर ते कळल्यावर तो ठसा अधिकच हेलावून गेला. त्या पुरुषाने, तो कोणीही असो, शेवटच्या घटकेला परक्या लेकराला जवळ केले होते.

जाता जाता ॲम्फिथिएटर पाहिले. सुमारे वीस हजार लोक बसतील एवढे ते मोठे आहे. इ.स. ५९ मध्ये येथे पॉम्पेईकर आणि शेजारच्या नुकेरियाचे लोक यांच्यात खेळ पाहताना एवढी दंगल झाली, की रोमच्या सिनेटने दहा वर्षे येथील खेळांवर बंदी घातली.

चौथा दिवस : हर्क्युलेनियम आणि डोंगरमाथा

मंगळवारी नेपल्सचे पुरातत्त्व संग्रहालय बंद असते, म्हणून तो दिवस हर्क्युलेनियमसाठी ठेवला होता. हे गाव पॉम्पेईपेक्षा बरेच लहान, आणि माझ्या मते ज्याला एकच दिवस मिळतो त्याने येथे यावे. स्थानकापासून समुद्राकडे उतरत जायचे, आणि मग एकाएकी रस्त्याच्या खाली, मोठ्या खड्ड्यात, दुमजली घरांचे गाव दिसते. वाऱ्याच्या दिशेमुळे येथे प्यूमिस फारसा पडला नाही. रात्री थेट तापलेले लोट आले आणि त्यांनी गाव सुमारे वीस मीटर खोल पुरले. त्या उष्णतेत लाकूड जळून राख होण्याऐवजी कोळसा झाले आणि हवेशी संबंध तुटल्याने टिकले. म्हणून येथे दारांच्या चौकटी आहेत, माळ्याच्या तुळया आहेत. एका घरात दिवाणखाना बंद करण्याचा लाकडी सरकता पडदा काचेमागे उभा आहे, काळाकुळकुळीत, आणि दिवे टांगायच्या काशाच्या आकड्या अजून त्यावर आहेत.

जुन्या किनाऱ्यावर होड्या ठेवण्याच्या कमानी आहेत. गावकरी निघून गेले असावेत असा समज १९८० च्या दशकापर्यंत होता. मग या कमानींत तीनशेहून अधिक सांगाडे मिळाले. समुद्रमार्गे सुटका होईल म्हणून ते तेथे थांबले होते. तेथे मी फार वेळ उभी राहू शकले नाही.

दुपारी बसने व्हेसुव्हियसवर गेलो. माथा १२८१ मीटर उंच असून शेवटचा टप्पा सैल खडीवरून पायी चढावा लागतो. शेवटचा उद्रेक मार्च १९४४ मधला. विवराच्या कडेवरून एके ठिकाणी वाफेचा पातळ पट्टा दिसला. वळून खाली पाहिले, तर सर्वाधिक धोक्याच्या पट्ट्यात राहणाऱ्या सुमारे सात लाख लोकांची घरे समुद्रापर्यंत पसरलेली होती.

पाचवा दिवस : हस्तिदंती मूर्ती

संग्रहालयात आधी कोळसा झालेला पाव पाहिला, आठ फाकांत आखलेला, भाकरीएवढा गोल. चौकातल्या मापांची मूळ शिळाही येथेच आहे. नंतर ‘गुप्त दालना’त गेलो. पॉम्पेईतील शृंगारिक वस्तू दीर्घकाळ कुलूपबंद ठेवल्या जात. ते दालन २००० साली सर्वांना खुले झाले. आमची मूर्ती तेथे आहे, हे मला मनापासून पटलेले नाही. अंगावर वस्त्र नसणे आणि अश्लील असणे यांतील भेद आपल्याकडची लेणी पाहिलेल्या कोणालाही सांगावा लागत नाही.

मूर्ती जेमतेम २५ सेंटिमीटर उंच आहे. कमरेला मेखला, हातांत बांगड्यांचे थर, पायांत घोट्यापासून वर चढत गेलेले वाळे आणि डोक्यावर दागिन्यांनी सजवलेली केशरचना. दोन्ही बाजूंना तिच्या गुडघ्याच्या आसपास उंचीच्या दोन दासी शृंगाराचे करंडे घेऊन उभ्या आहेत. डोक्यातून खाली एक भोक पाडलेले असल्यामुळे ही आरशाची मूठ असावी, असे काही जण मानतात. मूर्तीवर एक खरोष्ठी अक्षर आहे, आणि ती लिपी वायव्येकडची. तर दुसरीकडे जालना जिल्ह्यातील भोकरदनच्या उत्खननात अशाच धाटणीच्या हस्तिदंती मूर्तीचा भाग मिळाला आहे, त्यामुळे ती सातवाहनांच्या प्रदेशात घडली असावी, असेही मत मांडले गेले. मी दुसऱ्या मताची आहे. माझ्या आजोळाचा ओढा त्यात आहे, हे मान्य करूनही वाळ्यांची आणि मेखलेची घडण मला त्याच बाजूची वाटते.

“आई, हिला लक्ष्मी का म्हणतात?” मुलीने विचारले. सापडली तेव्हा ती लक्ष्मी समजली गेली आणि नाव चिकटले. आज तिला यक्षी मानणारे पुष्कळ आहेत, असे मी सांगितले. मग फोनमधले तेरच्या मूर्तीचे छायाचित्र काढून काचेजवळ धरले. दोघींनी आळीपाळीने इकडे आणि तिकडे पाहिले. मुलगी वाकून बराच वेळ पायांतले वाळे निरखत होती.

बाहेर पायऱ्यांवर बसलो असताना तिने विचारले, की तेरचे संग्रहालय सुट्टीच्या दिवशी उघडे असते का. लहानपणी ती दरवर्षी तेरला येत असे, पण ती मूर्ती तिला दाखवायची माझ्याकडून राहून गेली होती. डिसेंबरात ती घरी येणार आहे.